डिस्क दिसत नाही म्हणजे गेली असं नाही

संगणक सुरू होतो, कंपनीचं बोधचिन्ह झळकतं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते : 'नो बूटेबल डिव्हाइस'. किंवा विंडोज नीट उघडतं, पण ज्या 'डी' ड्राइव्हमध्ये मुलांच्या बारशापासूनचे फोटो असतात, तोच यादीतून नाहीसा झालेला असतो. पोटात गोळा येतो. शेजारचा मुलगा 'फॉर्मॅट मारून बघू' म्हणतो, दुकानदार फोनवरच 'डिस्क उडाली, नवीन घ्या' असं सांगून मोकळा होतो. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. डिस्क आणि तिचं पडद्यावरचं चित्र यांच्यामध्ये वीज, केबल, मदरबोर्ड, बायॉस आणि विंडोज एवढे टप्पे असतात. त्यांतला एक जरी अडला तरी डिस्क दिसेनाशी होते. आतला डेटा मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी असतो.

दोष डिस्कमध्येच असतो असंही नाही. जानेवारी २०११मध्ये इंटेलने आपल्या नव्या सिक्स सिरीज चिपसेटची विक्री थांबवली. मदरबोर्डवरच्या या चिपमधल्या एका चुकीमुळे डिस्क जोडायचे काही साटा पोर्ट काळानुसार कमजोर होण्याची, अगदी बंद पडण्याचीही शक्यता होती. त्यांना जोडलेली डिस्क धडधाकट असूनही दिसेनाशी झाली असती. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला होता. त्याच चिपवरच्या वेगवान पोर्टना मात्र हा त्रास नव्हता.

म्हणून पहिला प्रश्न असा, की डिस्क नेमकी कुठल्या टप्प्यावर हरवते? याचं उत्तर बायॉसमध्ये मिळतं. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहिलं की (काही कंपन्यांची कळ वेगळी असते) बायॉसचा पडदा उघडतो. जोडलेल्या डिस्कची नावं तिथे दिसतात. नाव आणि क्षमता दोन्ही बरोबर दिसत असतील, तर वीज आणि केबल शाबूत आहेत असं धरून चालावं आणि विंडोजकडे वळावं. नावच नसेल, तर कॅबिनेट उघडायची वेळ आली.

कॅबिनेट उघडण्याआधी संगणक बंद करून पिन भिंतीतून काढायची आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. साटा डिस्कला दोन केबल असतात : अरुंद ७ संपर्कांची डेटा केबल आणि रुंद १५ संपर्कांची विजेची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. नुसत्या धक्क्याने किंवा साफसफाईत त्या सैल होतात, आणि दमट हवेत संपर्कांवर थरही चढतो. तरी दिसली नाही तर दुसरी डेटा केबल, मग मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट, मग पॉवर सप्लायची दुसरी वायर, असं एका वेळी एकच बदलत जावं. सगळं एकदम बदललं तर दोष कुठे होता ते कळत नाही.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू खाचेत नवीन एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. कुठले पोर्ट बंद होणार हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. जुन्या संगणकात तारीख वारंवार चुकत असेल, तर बायॉसचा सेल संपलेला असू शकतो. तो संपला की साटाची सेटिंग मूळपदावर जातात आणि कालपर्यंत चालणारं विंडोज उघडेनासं होतं. बहुतेक ठिकाणी हा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

यूएसबीवरच्या पोर्टेबल डिस्कचं दुखणं बरेचदा विजेचं असतं. हब किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टात आखूड केबलने ती जोडून बघावी.

बायॉसमध्ये डिस्क दिसते पण विंडोजमध्ये नाही, तेव्हा 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावं. विभाग दिसतोय पण त्याला अक्षर नाही, तर अक्षर देणं पुरेसं आहे. डिस्क 'ऑफलाइन' असेल तर ती ऑनलाइन करता येते. पण 'इनिशियलाइझ करा' किंवा 'फॉर्मॅट करा' असं विंडोज विचारत असेल आणि आत हवा असलेला डेटा असेल, तर हात आवरावा आणि 'कॅन्सल' दाबावं. इनिशियलाइझने विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो, फॉर्मॅटने फायलींची नोंद. आधीच बिघडलेल्या डिस्कवर काहीही नवीन लिहिणं म्हणजे परतीची वाट स्वतःच बुजवणं.

मग कानही वापरावेत. फिरणाऱ्या डिस्कमधून ठरावीक लयीत 'टक-टक' येत असेल, तर वीज ताबडतोब तोडावी. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. हेड बिघडलं असेल, तर चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट चरा वाढवतं. घरी झाकण उघडू नये, धुळीचा कण त्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपायही करू नये, बाहेर काढताच आत पाणी साचतं.

अगदी मुकी झालेली डिस्कसुद्धा परत मिळू शकते, हे जानेवारी २००९मध्ये दिसलं. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क संगणक सुरू करताच बायॉसमधूनच नाहीशा होऊ लागल्या. तबकड्या, हेड, डेटा सगळं ठीक होतं. डिस्कच्या आतली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर सुरू होतानाच अडकत होती. कंपनीने दोष मान्य केला, नवं फर्मवेअर दिलं आणि या दोषाने अडकलेला डेटा मोफत काढून देण्याची तयारी दाखवली. 'उडाली' म्हणून ज्यांनी डिस्क टाकून दिली असेल, त्यांनी शाबूत डेटा टाकला.

डेटा मोलाचा असेल आणि हे उपाय थकले, तर रिकव्हरी करणाऱ्याकडे जावं. त्याला क्लीन रूमची सोय आहे का, तपासणीचे किती आणि डेटा न मिळाल्यास किती पैसे, हे आधी लेखी घ्यावं. आणि केबल बदलून डिस्क पुन्हा दिसू लागली, तर त्याच बैठकीत फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकीची तपासणी त्यानंतर करा.