मेंढीचे एक अक्षर

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या ठेंगण्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला. तीच 'नारी सुवर्णा'. मेंढा काही वीत नाही, त्याचा गुण रक्त तपासूनच कळतो. २००१ साली या गुणाचे मूळ सापडले: जनुकाच्या ओळीत ७४६व्या जागी 'ए'ऐवजी 'जी'.

बायोइन्फर्मेटिक्स शिकू लागलेल्या आपल्या मुलामुलींनी सरावाला हेच उदाहरण घ्यावे. ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची ओळ. त्यातले ७४६वे अक्षर संगणकाला विचारायचे. पण पायथन भाषा शून्यापासून मोजते! म्हणून ७४५ लिहावे लागते. ७४६ लिहिले तर शेजारचे अक्षर येते, आणि ते नेमके 'जी'च आहे. मग कळपातला प्रत्येक मेंढा जुळ्यांचा ठरतो, आणि धनगराचे पैसे बुडतात.