विषुव

विषुव : दिवस व रात्र समान करणारा काल. सूर्य खगोलीय विषुववृत्तावर येतो, त्या क्षणास व त्या दिवसास ही संज्ञा लावतात. वसंत विषुव 20 मार्चच्या आणि शरद विषुव 22 सप्टेंबरच्या सुमारास येतो.

‘विषु’ म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे. गवामयन या वर्षभर चालणाऱ्या वैदिक सत्रातील मधल्या दिवसास विषुवत् म्हणत. त्याच्या दोन्ही बाजूंस 180–180 दिवस असत. अमरकोशात मात्र हा शब्द समान दिनरात्रीच्या काळाचा वाचक आहे. इंग्रजी ‘इक्वेटर’ या शब्दाच्या मूळ लॅटिन रूपाचा अर्थही ‘समान करणारा’ असाच आहे. म्हणून ‘विषुववृत्त’ ही संज्ञा त्यास अन्वर्थक ठरते.

भारतीय ज्योतिषात विषुवदिनी मध्यान्ही पडणारी 12 अंगुळे उंचीच्या शंकूची छाया म्हणजे पलभा. विषुववृत्तावर ती शून्य, तर पुण्यास सुमारे 4 अंगुळे असते. पलभेस 12 ने भागले असता स्थळाच्या अक्षांशाची स्पर्शज्या (टॅन्जंट) मिळते. अशा रीतीने एका छायेवरून अक्षांश निश्चित करता येत असे.

ही समानता काटेकोर नसते. सूर्यबिंबाची वरची कड दिसताच उदय मानतात आणि वातावरणातील प्रणमनामुळे बिंब उचललेले दिसते. त्यामुळे विषुवदिनी दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो.

पंचांगांत मेष व तूळ संक्रांतींनाही विषुव म्हणतात; केरळातील ‘विषू’ हा सण मेष संक्रांतीशी निगडित आहे. परंतु अयनचलनामुळे संपातबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. परिणामी निरयन मेष संक्रांत हल्ली 14 एप्रिलच्या सुमारास, म्हणजे प्रत्यक्ष विषुवानंतर सुमारे 24 दिवसांनी येते. नाव टिकले, पण समानता त्या दिवशी उरली नाही. हे अंतर वाढत गेल्यास संक्रांतींवर बसविलेले सण आपापल्या ऋतूंपासून दूर जातील. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली 1952 मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढील हा एक मुख्य प्रश्न होता. समितीच्या शिफारशीनुसार 22 मार्च 1957 पासून सुरू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वर्षारंभ वसंत विषुवाच्या लगतच्या दिवशी ठेवला आहे.