ऐतिहासिक कादंबरी व आठवणी : परीक्षणाची दोन प्रमाणे

ऐतिहासिक कादंबरी व आत्मपर आठवणी या दोन्ही वाङ्मयप्रकारांचा आधार भूतकाळ असला, तरी त्यांची त्या काळाशी असलेली बांधिलकी एकच नव्हे. आठवणी लिहिणारा ‘हे असे घडले’ असे सांगत असतो; कादंबरीकार ‘हे असे घडले असावे’ एवढीच ग्वाही देतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास कादंबरीवर पुराव्याच्या अभावाचा ठपका येतो आणि आठवणी मात्र केवळ प्रांजळपणाच्या बळावर प्रमाण ठरतात. नव्या पुस्तकांच्या परीक्षणांत हे दोन्ही दोष वारंवार आढळतात.

प्रथम कादंबरीचा विचार करू. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीचा विषय थोरल्या माधवरावांची १७६१ ते १७७२ ही कारकीर्द होय. राघोबादादांशी झालेला संघर्ष, थेऊर येथील मृत्यू व रमाबाईंचे सहगमन या घटना इतिहाससिद्ध आहेत; पतिपत्नींचे एकांतातील संवाद मात्र लेखकाची निर्मिती. ही निर्मिती दोषास्पद नाही. परीक्षकाने विचारावयाचे ते एवढेच की, कल्पना ज्ञात घटनेला छेद देते काय, आणि पात्रे अठराव्या शतकाच्या मनाने वागतात की विसाव्या शतकातील दाम्पत्यप्रेमाच्या कल्पनेने. सहगमनासारख्या प्रसंगी या दुसऱ्या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. कारण रम्य चित्रणामुळे एका कठोर रूढीचे स्वरूप झाकले जाण्याचा संभव असतो.

आठवणींच्या बाबतीत प्रश्न वेगळे उद्‌भवतात. विष्णुभट गोडसे यांनी १८५७-५८ चा प्रलय उत्तरेत प्रत्यक्ष पाहिला. झाशी पडली तेव्हा ते त्या शहरातच होते. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो १८८३ च्या सुमारास, आणि तो छापला गेला १९०७ मध्ये, तोही संपादक चिं. वि. वैद्य यांच्या फेरफारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ द. वा. पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. मधल्या काळात ज्यांनी या ग्रंथावरून गोडसे यांच्या शैलीविषयी वा मतांविषयी अनुमाने काढली, त्यांच्यापुढे लेखकाचा शब्द निर्भेळ नव्हता. यास्तव घटना, लेखन व मुद्रण यांतील अंतर प्रथम मोजले पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे अंतर निराळ्या रीतीने फलदायी झाले आहे. पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले ते १९३४ पासून. धर्मांतराने व्याकूळ झालेली, सोवळे पाळणारी स्त्री आणि पुढे स्वतः ख्रिस्ती होऊन त्या सोवळ्याकडे विनोदाने पाहणारी लेखिका, या दोघी येथे एकत्र नांदतात. तारखांचा काटेकोरपणा येथे गौण ठरतो. बदललेल्या मनाचा पुरावा या नात्याने मात्र ग्रंथ अमोल आहे.

तेव्हा नवे पुस्तक हाती येताच अभ्यासकाने कादंबरीत साधनांची सीमा कोठे संपते ते दाखवावे, आणि आठवणींत कोण, केव्हा, कोणासाठी व कोणत्या पाठातून बोलत आहे ते नोंदवावे. गुणदोषांचा निवाडा त्यानंतर करावा. सामान्य वाचकाचा इतिहास बहुधा अशाच पुस्तकांतून घडत असल्यामुळे ही जबाबदारी परीक्षकाला टाळता येणार नाही.