मोजले किती, मानले किती

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईने तो दिवस मिठी नदीशी जोडला. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसांना मात्र ती तारीख काढली की उल्हास आणि वालधुनी या नद्या आठवतात. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या घराघरांत एकच प्रश्न होता: हे पिढीतून एकदा येणारे अरिष्ट, की यापुढे असेच व्हायचे आहे?

तेव्हापासून 2025 अखेरपर्यंतच्या वीस वर्षांत या प्रश्नाचे आणि आणखी बऱ्याच प्रश्नांचे उत्तर संशोधकांनी शोधून ठेवले आहे. पाऊस, बिबटे, खाडीतले पक्षी, कारखान्यांची रसायने, माणसांची वंशावळ, दूरच्या दीर्घिका असे विषय वेगवेगळे असले, तरी त्यांतले पुष्कळसे काम ठाणे ते कसारा या आपल्याच पट्ट्यात किंवा त्याच्या वेशीवर झाले. हे सगळे एकत्र मांडून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. जे कळले ते लोकांपर्यंत पोहोचून वागण्यात उतरले, तिथे जीव वाचले. जे अहवालातच राहिले, तिथे तेच संकट पुन्हा दारात आले.

पावसाचा बदललेला हिशेब

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ऑक्टोबर 2017 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी 1950 ते 2015 या काळातल्या नोंदी तपासल्या. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेपर्यंतच्या मध्य भारतात पावसाळ्यातला एकूण पाऊस घटत होता, पण मोठ्या भूभागावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिपटीने वाढल्या होत्या. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे पूर्वीइतके स्थिर राहिलेले नाहीत. ते मधेच जोर धरतात, बाष्पाचे लोंढे जमिनीवर आणतात आणि चार-दोन दिवसांत आठवड्यांचा पाऊस ओतून जातात. 2021 मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा अभ्यास मांडला. 2001 ते 2019 या काळात त्यांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली होती.

2017 चा निबंध छापून दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. सगळे वाचले, याचे श्रेय बचाव पथकांना आणि मदतीला धावलेल्या आसपासच्या गावकऱ्यांना आहे. पण पूर कुठवर येऊ शकतो, हे त्याआधी ठरवणे ही नियोजनाची जबाबदारी असते. नदीकाठची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. या रेषा मागच्या नोंदींवरून काढल्या जातात. पावसाचा स्वभावच बदलला असेल, तर कालचा शंभर वर्षांचा पूर उद्या कितीतरी लवकर येणार. उल्हासच्या पूररेषा नव्या आकडेवारीवर पुन्हा काढणे आणि त्यांच्या आत नवे मजले न चढू देणे, हे त्या संशोधनातून निघणारे सरळ काम आहे.

बिबट्याने शिकवलेला धडा

या वीस वर्षांतला सर्वांत समाधान देणारा अध्याय बिबट्याचा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती 2002 ते 2004 या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे गेली. जून 2004 हा त्यातला सर्वांत भीषण महिना. त्या काळी उपाय एकच ठाऊक होता: पिंजरा लावायचा, बिबट्या पकडायचा आणि दूरच्या जंगलात सोडायचा.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माळशेजपलीकडच्या जुन्नर भागात नेमका हाच उपाय तपासला. 1993 ते 2001 या काळात तिथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत. 29 बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडल्यावर ही सरासरी सतरावर गेली. अनोळखी प्रदेशात टाकलेले, बिथरलेले जनावर अधिक धोक्याचे ठरत होते. म्हणजे जो उपाय समजला जात होता, तोच दुखण्याचे मूळ होता. 2011 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याआधी, 2009 मध्ये, टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. वयामुळे त्याचे नाव पडले आजोबा. महिनाभरात त्याने 120 किलोमीटरच्या आसपास अंतर कापले. कसारा स्थानकाजवळ रेल्वेमार्ग, पुढे महामार्ग आणि वसईचा औद्योगिक पट्टा ओलांडून, खाडी पोहून तो राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर 2011 मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर 2014 मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपट आला. बिबट्या आपल्या वस्तीतून रोज जातो आणि बहुतेकदा आपल्याला कळतही नाही, हे त्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याने दाखवून दिले.

2011 मध्ये वन विभाग, संशोधक आणि स्वयंसेवकांनी उद्यानाच्या भोवतीच्या वस्त्यांत मोहीम सुरू केली. कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंधारात मुलांना एकटे सोडू नका. बिबट्या दिसला तर त्याला घेरू नका. एवढ्या साध्या गोष्टी होत्या. 2015 मध्ये संशोधक निकित सुर्वे यांनी कॅमेरा सापळ्यांनी केलेल्या गणनेत 35 बिबटे नोंदले गेले, 2024 च्या गणनेत 54. बिबटे वाढले, तरी 2004 सारखा काळ परतला नाही. उद्यानालगतच्या आरे परिसरात 2021 आणि 2022 मध्ये हल्ले झाले, म्हणून सावधगिरी सोडून चालणार नाही. पण फेब्रुवारी 2019 मध्ये ठाण्याच्या समतानगरात मॉलच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हा तो काही तासांत बेशुद्ध करून सुखरूप पकडला गेला. 2018 मधल्या एका निबंधाने तर हे बिबटे वर्षाला सुमारे 1,500 भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारेक चावे टळतात, असा अंदाज मांडला.

आता उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा होत आहे आणि घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींची दाटी वाढते आहे. येऊर, नागला आणि खाडीपलीकडचे तुंगारेश्वर या जंगलांना जोडणारी वाट मोकळी ठेवणे, ही या अभ्यासाची पुढची मागणी आहे.

खाडी आणि भिंतीवरचा कोळी

ठाणे खाडीतला सुमारे 1,690 हेक्टरचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जानेवारी 2019 च्या गणनेत इथे 1 लाख 20 हजारांच्या आसपास रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आढळले. 2022 मध्ये सोसायटीने सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि गुजरातपर्यंतच्या त्यांच्या प्रवासाचा माग लागू लागला. सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांमुळे खाडीत शेवाळ वाढते आणि त्यावर रोहित जगतात. म्हणून गर्दी वाढली की खाडी निरोगी आहे असे समजणे धोक्याचे ठरेल. प्रदूषणाने मर्यादा ओलांडली, तर तेच खाद्य विषारी होऊ शकते.

2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जाती जगापुढे आली. संशोधकांनी तिला 'इसियस तुकारामी' हे नाव दिले, 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. इतक्या दाट वस्तीत विज्ञानाला अपरिचित असलेला जीव सापडतो, म्हणजे उरलेली प्रत्येक झाडी आणि पाणथळ जागा नीट पाहायला हवी.

माहीत असूनही

डोंबिवलीची कहाणी उलट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. 70 च्या वरचे क्षेत्र अतिप्रदूषित. डोंबिवलीचा आकडा 78.41 होता. नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरचे शेकडो रहिवासी वायूने गुदमरून रुग्णालयात गेले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता; फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. 26 मे 2016 रोजी कारखान्यातल्या स्फोटाने बारा जणांचा बळी घेतला आणि आसपासच्या घरांच्या काचा फोडल्या. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, दुसऱ्या कारखान्यातल्या रिॲक्टरच्या स्फोटाने पुन्हा तेच झाले.

इथे कोणतेही गूढ उकलायचे नव्हते. कुठे काय साठवले आहे, वस्ती किती जवळ आहे, नाल्यात काय सोडले जाते, हे सगळे मोजता येते आणि बऱ्याच अंशी मोजलेही गेले. बिबट्याच्या बाबतीत जे ज्ञान चाळीतल्या आईपर्यंत गेले, त्याच तोडीचे ज्ञान एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या आईपर्यंत कधी पोहोचलेच नाही.

माणूस आणि आकाश

ठाण्यात 1879 चे सिनेगॉग आहे आणि मराठी बोलणारा बेने इस्रायल हा ज्यू समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजाची मुळे मध्यपूर्वेतले ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्हीकडे आढळली. हा संगम साधारण 650 ते 1,050 वर्षांपूर्वीचा. कोकणच्या किनाऱ्यावर आलेल्या पूर्वजांच्या परंपरागत कथेला असा शास्त्राचा आधार मिळाला. जनुकांची तपासणी साथीतही कामी आली. डिसेंबर 2021 मध्ये करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या रूपाची बाधा झालेला राज्यातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडला. दक्षिण आफ्रिकेने या रूपाची माहिती जगाला देऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. इतक्या वेगाने त्याची ओळख पटली, कारण नमुन्यांचा जनुकीय क्रम तपासण्याची व्यवस्था तोवर उभी राहिली होती.

कल्याणहून मुरबाड, माळशेज ओलांडून पुढे गेले की नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण लागते. 2023 मध्ये तिच्या नोंदींतून 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश हाती आला आणि त्याच वर्षी विश्वातल्या मंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यातही तिचा वाटा होता. 2025 मध्ये पुण्यातील संशोधक राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे होते तेव्हाही ती इतकी सुघड होती, हेच नवल.

त्याच वर्षी 20 मे रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. त्यांची मराठी पुस्तके वाचून वाढलेली पिढी खगोल मंडळ आणि कल्याणच्या आकाशमित्र मंडळासारख्या संस्थांच्या कार्यक्रमांना जाऊन रात्र रात्र तारे पाहायला शिकली. वांगणी हे अशा रात्रींचे ठरलेले ठिकाण. आता तिथवरही शहराचा उजेड पोहोचू लागला आहे.

पुढच्या दशकाकडून काय हवे, हे या मागोव्यातच आहे. उल्हासच्या पूररेषा बदलत्या पावसाला धरून आखाव्यात. डोंबिवलीच्या हवेचे आणि वालधुनीच्या पाण्याचे रोजचे आकडे मराठीतून चौकाचौकांत लागावेत. खाडीची आणि बिबट्याची गणना दरवर्षी, न चुकता व्हावी. आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांनी ही मोजणी आपली मानून मुलांना नदीकाठी, खाडीकाठी न्यावे. येऊरच्या पायथ्याशी लोकांनी ज्ञानावर विश्वास ठेवून वागणे बदलले आणि माणसे वाचली. तोच विश्वास नदीवर आणि कारखान्यांच्या कुंपणाशी दाखवण्यासाठी आता आणखी एका स्फोटाची वाट पाहू नये.