बेडकासाठी वन बीएचके

पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात पॉश जागा कुणाची असेल, तर ती माझी नाही. हॉलच्या कोपऱ्यात एक काचेची पेटी आहे. 45 बाय 45 सेंटिमीटर, उंची 60. आत नेचे, मनी प्लांट, शेवाळाचा हिरवागार गालिचा. पाहुणे आले की आधी तिच्यासमोर बसकण मारतात आणि पाच मिनिटांनी विचारतात, ‘‘आत कोण राहतं?’’

कुणीच नाही. त्याचीच ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी एका डेडलाइनच्या रात्री मी लाल डोळ्यांच्या झाडबेडकाचा व्हिडिओ पाहिला आणि बॉस, विकेटच पडली. कुत्रा पाळायला घरमालकाची ना, मांजराची मला ॲलर्जी. बेडूक परफेक्ट! भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही. एका फ्रीलान्सरला आणखी काय हवं?

मग मी कामाला लागले. झाडबेडूक चढणारा प्राणी, त्यामुळे पेटी लांबीपेक्षा उंचीला जास्त हवी. तळाशी दोन इंच मातीच्या भाजलेल्या गोळ्या, म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि मुळं कुजत नाहीत. त्यावर मच्छरदाणीचा तुकडा, वर धुतलेलं कोकोपीट आणि शेवटी सुकी पानं. आडव्यातिडव्या फांद्या, टोकं घासून बोथट केलेल्या. वर जाळीचं झाकण, कारण ओल हवी पण कोंडलेली हवा नको. पेटी खिडकीच्या थेट उन्हात कधीच ठेवायची नाही. काचेआड दुपारभरात भट्टी होते.

सगळ्यात मोठा धडा म्हणजे बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणजे पाण्यातलं, मातीतलं, पानावरचं जे काही असेल ते थेट त्याच्या अंगात! नर्सरीतल्या रोपांवर कीटकनाशक मारलेलं असतं; म्हणून ती धुऊन, जुनी माती झटकून, महिनाभर वेगळी ठेवायची. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं. हातावरचा साबण, क्रीम, परफ्यूम, सगळं त्याच्यासाठी विष. तेव्हा मी हे वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेणं आणि कळणं यात फरक असतो, तो पुढे कळला.

पेटी तयार झाली आणि हिशोब सुरू झाला. लाल डोळ्यांचा बेडूक 2010पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 2024च्या नियमांनुसार साइट्सच्या यादीतले असे प्राणी घरी असतील तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बाजारात चौकशी केली तर कागद कुणीच दाखवेना. ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक त्या यादीत नाही, पण तो पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. माझं कुठलंच रिलेशनशिप इतकं टिकलेलं नाही.

मग डोक्यात शॉर्टकट आला. आजोळ!

माझं आजोळ शिरोड्याला. खांडेकरांचं शिरोडं, मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं. आमच्यासाठी मात्र मामाचं, माडांच्या बागेतलं. तिथल्या न्हाणीत पावसाळ्यात भिंतीला चिकटून एक तपकिरी बेडूक बसतो, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. इंग्रजीत त्याला ‘चुनाम फ्रॉग’ म्हणतात. बोटांच्या टोकाला गोल चकत्या, मांडीच्या मागे पिवळे ठिपके. फुकट, देशी, ओळखीचा!

जूनमध्ये सावंतवाडी रोडला उतरले ती बॅगेत प्लॅस्टिकची बरणी घेऊनच. रात्री न्हाणीत शिरले. बेबो जागेवर हजर. मी झडप घातली. झाकणाला भोकं पाडलेली होती, ओलं फडकंही घातलं होतं. सगळं वहीबरहुकूम.

तो धडका मारायला लागला. आधी मला गंमत वाटली. पाच मिनिटांनी पाहिलं तर नाकाड्याची कातडी सोलवटलेली, लालसर. तेव्हा लक्षात आलं की डासांमुळे मी कोपरापर्यंत क्रीम चोपडलंय आणि त्याच हातांनी त्याला धरलंय.

मागून मामी आली. ‘‘अगो, तो हयच रवता. तुका कित्याक व्हयो?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विहिरीच्या पाण्याचे दोन तांबे ओतून मी त्याला सोडलं. पुढचे दोन दिवस तो न्हाणीत दिसला नाही. मामी काही बोलली नाही, पण अंघोळीला जाताना भिंतीकडे बघायची, ते मला दिसायचं.

त्या दोन दिवसांत मी वाचत बसले. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड नावाचा बुरशीचा रोग जगभर पसरला, त्यात बेडकांच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे. 2019 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार या रोगामुळे किमान 501 उभयचर प्रजातींची संख्या घटली, त्यातल्या 90 नामशेष झाल्याचं मानलं जातं. आपल्या उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांमध्येही ही बुरशी सापडल्याचं 2013मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे एका ठिकाणचा बेडूक दुसरीकडे नेणं, आणि कंटाळा आला की ‘सोडून देणं’, हा नुसता आपला आणि त्याचा मामला नाही.

तिसऱ्या दिवशी मामाने परसातली जुनी दगडी दोण दाखवली. सगळा प्लॅन उलटा करायचा! तीच ओल, तीच पानं, फक्त काच आणि झाकण नाही. दोणीत विहिरीचं पाणी, एका बाजूला उतरते चिरे, म्हणजे शेपटी गळलेली पिल्लं बुडणार नाहीत. पाण्यावर झुकतील अशी अळू आणि कर्दळ. पालापाचोळा झाडायचा नाही. परसातला रात्रीचा दिवा बंद. मामा गप्पी मासे सोडणार होता, त्याला थांबवलं, कारण ते बेडकाची पिल्लं खातात. मग डासांच्या अळ्यांचं काय? मामी चहाच्या जुन्या गाळणीने काढते. ग्लॅमरस उपाय नाही, पण चालतो.

पंधरवड्याने मामीचा फोन. ‘‘दोणीच्या कडेक साबणाचो फेस कोणी लावलो? धुतंय आता.’’

‘‘मामी, थांब!!’’

या बेडकाची मादी अंडी घालताना मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते आणि पाण्याच्या वर चिकटवते. बाहेरून तो सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. आंबोलीला पावसाळ्यात डबक्यांवरच्या फांद्यांना असेच फेसाचे गोळे लटकलेले दिसतात. ते मलबार ग्लायडिंग फ्रॉगचे, बोटांमध्ये नारिंगी पडदे असलेल्या त्या हिरव्या देखण्याचे. वीकएंडला जाणार असाल तर टॉर्च मंद ठेवा, फ्लॅश नको आणि हात तर अजिबात लावू नका.

आणि ज्यांना पाळायचाच आहे त्यांनी पाळावा, माझी हरकत नाही. पण आधी पेटी लावा, दोन महिने नुसती झाडं जगवून दाखवा. पैदास केंद्रात जन्मलेलाच प्राणी घ्या, बिल घ्या, नोंदणीचं विचारा. विक्रेता विषय बदलू लागला तर तिथून सटका.

माझ्या पेटीत सध्या नेचे झकास वाढलेत. यंदा जूनमध्ये एका मीटिंगच्या मधोमध मोबाइल थरथरला. मामीचा मेसेज, फोटोसकट. दोणीच्या कडेला पांढरा गोळा, आणि खाली दोनच शब्द.

‘‘फेस इलो.’’