डार्करूमचे सांडपाणी : मोरीत काय ओतावे, काय ओतू नये

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मला जवळजवळ हद्दपार केले असले, तरी न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून स्वतःच्या हाताने कृष्णधवल प्रिंट काढणारे हौशी छायाचित्रकार शहरांत आजही आहेत. प्रिंट वाळत घातल्यावर तीन ट्रेमधील द्रावणे उरतात आणि बहुधा ती एकापाठोपाठ एक मोरीत रिकामी केली जातात. मात्र या तिन्हींना एकच न्याय लावणे योग्य नाही.

पहिला ट्रे डेव्हलपरचा. त्यातील हायड्रोक्विनोन जलचरांना घातक असते, तसेच हे द्रावण अल्कधर्मी असते. दुसऱ्या ट्रेमध्ये, म्हणजे स्टॉप बाथमध्ये, व्हिनेगरमध्ये असते तेच सौम्य ॲसेटिक आम्ल असते. ही दोन वापरलेली द्रावणे एका बादलीत एकत्र केल्यास आम्ल व अल्क परस्परांना बरेचसे निष्प्रभ करतात. उद्योगांच्या सांडपाण्यासाठी सरकारी मानकांत ५.५ ते ९ ही सामूची मर्यादा आहे. घरच्या बादलीसाठीही तोच निकष लावता येईल. सामू कागदाच्या पट्टीने तपासता येतो. त्यानंतर भरपूर पाण्यासोबत हे मिश्रण मैलापाण्याच्या वाहिनीत सोडता येते. घरगुती प्रमाणातील या द्रव्यांचे तेथील जिवाणू विघटन करतात.

खरा प्रश्न तिसऱ्या ट्रेचा, अर्थात फिक्सरचा आहे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजेच 'हायपो', चांदीचे क्षार विरघळवते हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवून दिले होते. फिल्म व कागदावरील प्रकाश न लागलेली चांदी याच द्रावणात उतरते. भरपूर वापरलेल्या फिक्सरच्या एका लिटरमध्ये काही ग्रॅम चांदी असू शकते. चांदी जिवाणूंना मारक आहे. थायोसल्फेटशी बांधलेल्या रूपात ती कमी विषारी असते हे खरे. पण बंगल्याच्या सेप्टिक टँकमध्ये किंवा सोसायटीच्या छोट्या शुद्धीकरण यंत्रणेत पाणी कमी असते आणि सारे काम जिवाणूंवरच चालते. तेथे हा भार टाकणे शहाणपणाचे नाही.

म्हणून वापरलेला फिक्सर व प्रिंटचे पहिले धुवण वेगळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवावे. त्यात गंजणाऱ्या साध्या लोखंडाची बारीक तार, म्हणजे स्टीलवूल, टाकून काही दिवस ठेवल्यास लोखंड विरघळते आणि चांदी काळसर गाळाच्या रूपाने खाली बसते. स्वयंपाकघरातील न गंजणारी स्टेनलेस स्टीलची घासणी येथे उपयोगी पडत नाही. द्रावणात बरीच चांदी उरली असेल, तर घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या तुकड्यावर रुपेरी थर चढतो. जुन्या इमारतींतील बीडाच्या पाइपांत फिक्सर ओतल्यास हीच क्रिया पाइपाच्या आत घडते आणि पाइप झिजतो. हा खटाटोप नको असेल, तर साठवलेला फिक्सर चांदी काढणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावा. क्ष-किरण फिल्म धुणाऱ्या केंद्रांचा हायपोही अशाच व्यावसायिकांकडे जातो.

द्रावण ओततानाही सावधगिरी हवी. फिक्सरनंतर त्याच मोरीत फरशी किंवा संडास धुण्याचे ॲसिड टाकल्यास गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. स्टॉप बाथमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळल्यास विषारी क्लोरीन तयार होतो. बंद खिडकीच्या छोट्या न्हाणीघरात ही चूक जिवावर बेतू शकते. त्यामुळे काम संपताच आधी खिडकी उघडावी, हातमोजे घालावेत आणि त्या दिवशी मोरी फक्त पाण्यानेच धुवावी.

गच्ची किंवा गॅलरीच्या पन्हळीत तर काहीच ओतू नये. ती वाट पावसाळी पाण्याची. तेथून सांडपाणी कोणत्याही प्रक्रियेविना थेट नाल्यात, नदीत किंवा खाडीत पोहोचते. छंद घरातला असला, तरी त्याचे पाणी घरात थांबत नाही. त्यासाठी एक जादा कॅन आणि थोडा संयम पुरेसा आहे.