मीटिंग लांबतेय, माल खोळंबलाय: साहेबांना न दुखावता हे कसं सांगायचं?

मुंबई-आग्रा महामार्गावरचं पिंपळगाव बसवंत कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांसाठी ओळखलं जातं. द्राक्षांचा हंगाम भरात आला की पॅकहाऊसमध्ये सकाळचा प्रत्येक तास मोलाचा असतो. तोडलेला माल निवडून, पेट्यांत भरून लवकरात लवकर प्रीकूलिंगला जावा लागतो. उशीर झाला की घडांचे देठ सुकून तपकिरी पडतात आणि मालाची प्रत घसरते.

आता समजा, अशा सकाळी दहा जण ४० मिनिटं मीटिंगमध्ये अडकले. घड्याळात ४० मिनिटंच गेली, पण कामाचा वेळ गेला ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं!

वेळ नेमका जातो कुठे?

ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या पुस्तकात एक काल्पनिक समिती रंगवली आहे. ही समिती १ कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास वाद घालते. कारण सोपं आहे. अणुभट्टी फार थोड्यांना कळते, शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं. आपल्याकडेही कंटेनरचं वेळापत्रक झटक्यात उरकतं आणि चहाच्या कंत्राटावर चर्चा रंगते.

मग बोलायचं कसं?

१. आधी, एकट्यात. चारचौघांत ‘विषय भरकटला’ म्हटलं की समोरच्याला ते लागतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी विचारा: “नाना, उद्या माणसं किती लावायची आणि गाडी कधी भरायची, हे दोन विषय आधी घ्यायचे का? म्हणजे पोरं लवकर कामाला लागतील.” निर्णय नानांचाच राहतो आणि मीटिंगला दिशा मिळते.

२. विषय तोडू नका, बाजूला ठेवा. “भाऊ म्हणतात ते पेट्यांचं बघायलाच हवं. लिहून ठेवतो, शेवटी घेऊ.” पण शेवटी तो विषय खरंच घ्या. नाहीतर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही.

३. उठण्याआधी तीन गोष्टी ठरवा. कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत? तेवढ्या ओळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. मग तोच विषय परवा पुन्हा निघत नाही.

सगळ्या मीटिंग बंद करायच्या का?

नाही. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाला कायद्यानुसार दर तीन महिन्यांत किमान एकदा, वर्षात किमान चारदा बैठक घ्यावीच लागते. तिथे हिशेब विचारला जातो. उलट, नुसती माहिती द्यायची असेल तर एक मेसेज पुरतो. ठरवायचं काहीच नसेल तर दहा जणांना का बसवायचं?

इथे मात्र घाई नको

एखादी कामगार ताई पिण्याच्या पाण्याबद्दल किंवा थकलेल्या मजुरीबद्दल बोलली, तर ‘आजचा विषय तो नाही’ म्हणून तिला गप्प करू नका. तिला बोलायला दुसरी जागा नसेल, तर तोच आजचा विषय. मीटिंग आटोपशीर करायची ती कामाचं बोलायला वेळ उरावा म्हणून. त्यात कुणाचं गाऱ्हाणं दाबलं गेलं, तर वाचलेली दहा मिनिटं पुढे महागात पडतात.